आठशे खेळ कुणाचे

भाऊच्या दुकानाचं शटर पोलिसांनी खाली ओढायला लावलं, त्या दुपारी मी जेवायच्या आधी पत्रक लिहून काढलं. आमच्या घरात यात विशेष काही नव्हतं. आबा, म्हणजे आमचे वडील, सूतगिरणीत कामाला होते, आणि गिरणीतल्या पगारापासून वस्तीतल्या नळापर्यंत प्रत्येक भांडणाचं त्यांनी पत्रक काढलेलं. छापखान्यात जो कागद स्वस्त मिळेल तो, गुलाबी किंवा पिवळा. मी बाराखडी गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. आबांचा एक नियम होता. पत्रक ज्याच्या विरोधात आहे, त्याच्या हातात पहिली प्रत आपण स्वतः नेऊन द्यायची. बाकीचं वाटप त्यानंतर. "मांगेमांगे कागद वाटना म्हणजे चुगली शे," असं ते म्हणत.

भाऊला कागदाचं वेड नव्हतं. त्याचं वेड लाकडाचं. धुळ्यातल्या एका फर्निचरच्या कारखान्यात तो कपाटं आणि दिवाण बनवायचा. उरलेल्या प्लायच्या तुकड्यांतून त्याने पहिली गेमची पेटी बनवली ती स्वतःसाठी. लहानपणी बसस्टँडजवळच्या पार्लरमध्ये तो उभा राहून दुसऱ्यांचे खेळ बघायचा, तशीच उंच, समोरून तिरकी कापलेली, आत जुना पडदा, खाली काठी आणि सहा बटणं. कडांना त्याने काळी रबरी पट्टी बसवली होती, कारण खेळणारा पेटीला पोट टेकून उभा राहतो आणि कड टोचते. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आतला मेंदू त्याने ऑनलाइन मागवला. तळहाताएवढं कार्ड, त्यात आठशे जुने खेळ आधीच भरलेले. वायर जोडली की सुरू. दुसरी पेटी झाली, मग तिसरी, चौथी. मग त्याने कारखाना सोडला, कॉलेजच्या रस्त्याला एक गाळा घेतला आणि पेट्यांना नाणं टाकायची फट बसवली. दारावर पाटी लावली: एका पेटीत आठशे खेळ.

ती फट बसवली त्या दिवशी पेटी बदलली, हे आम्हाला कळलं नाही. भाऊच्या खोलीत होती तोवर ती हौस होती. फट पडल्यावर कायद्याच्या लेखी ती सार्वजनिक करमणुकीची जागा झाली, आणि त्याला परवाना लागतो. आमच्याकडे दुकानाची नोंदणी होती. तेवढी पुरते असं भाऊला वाटलं होतं, मलाही.

कुणीतरी तक्रार केली की इथे जुगार चालतो. दोन हवालदार आले. त्यांनी काही मोडलं नाही, शिवीही दिली नाही. "परवाना आणा आणि चालू करा," एवढंच म्हणाले. पण गल्लीत बातमी पसरायला तेवढं पुरे होतं. आमच्याकडे व्हिडिओ गेम हा शब्द अजूनही वाईट अर्थाने घेतला जातो. काही पार्लरांत पडद्यावर फळांची चित्रं फिरायची आणि माणसं पगार घालवून बाहेर पडायची, ते लोक विसरले नाहीत. त्याचा डाग भाऊच्या प्लायवर पडला.

मला राग आला तो निराळ्या गोष्टीचा. मोठ्या शहरातल्या मॉलमध्ये काचेच्या भिंतीआड याच पेट्या असतात आणि तिथे आईबाप मुलांचे फोटो काढतात. तिथे तो गेमिंग झोन. आमच्या वस्तीतल्या माणसाने तोच खेळ प्लायच्या पेटीत घातला की जुगार. मी हे असंच्या असं लिहिलं. मग कायदा लिहिला. नशिबाचा खेळ वेगळा, कौशल्याचा वेगळा. या पेटीत नाणं आत जातं, बाहेर कधी येत नाही. बक्षीस नाही, पैज नाही. हात चांगला तर खेळ लांबतो, हात वाईट तर संपतो. शीर्षक दिलं: जुगार नव्हे, कौशल्य. आणि शेवटच्या परिच्छेदात, वाचणाऱ्याला भाऊची कारागिरी कळावी म्हणून, लिहिलं: एका साध्या कारागिराने स्वतःच्या हाताने बनवलेल्या या पेटीत आठशे खेळ आहेत आणि हे सर्व पूर्णपणे कायदेशीर आहे.

परवान्याचा अर्ज आणि पत्रकाची पहिली प्रत घेऊन मी कचेरीतल्या परवाना शाखेत गेले. भाऊ सोबत होता. त्याचं म्हणणं होतं की आज फक्त अर्ज द्यावा. मी ऐकलं नाही.

टेबलावर पन्नाशीच्या एक बाई होत्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी अर्ज बाजूला ठेवला आणि पत्रक वाचायला घेतलं. पूर्ण वाचलं. मी लिहिलेलं कुणी सरकारी माणसाने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

"जुगाराचा मुद्दा तुम्ही नीट मांडलाय," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे लोक नुसते ओरडतात."

"धन्यवाद मॅडम."

"हे आठशे खेळ कुणाचे?"

मला प्रश्न कळला नाही. भाऊ म्हणाला, "आमचेच. विकत घेतलेत. बिल आहे." त्याने खिशातून घडी घातलेलं बिल काढलं.

बाईंनी ते उजेडाकडे धरलं. "हे कार्डाचं बिल आहे. खेळ ज्यांनी बनवले, त्यांची परवानगी कुठेय? पुस्तकं छापणारा कागद विकत घेतो म्हणून पुस्तक त्याचं होतं का?"

"सगळे असंच वापरतात, मॅडम," भाऊ म्हणाला.

"वापरत असतील. त्यांनी मला लिहून दिलेलं नाही. तुम्ही दिलंय, छापून." मग त्यांनी पत्रकाला भोक पाडून ते अर्जाच्या मागे दोऱ्याने ओवलं. "कचेरीत हातात दिलेला कागद मी फाडून टाकू शकत नाही. तो फायलीला लागतो. आता साहेब विचारणारच. खेळांची यादी आणा, प्रत्येकासमोर परवानगी. ती नसेल तर अर्ज नामंजूर, आणि नामंजूर झालेल्या जागेला पुन्हा परवाना मिळणं सोपं नसतं. महिनाभर मी फाइल माझ्याकडे ठेवते."

पायऱ्या उतरून भाऊ थेट गाडीपाशी गेला. गाडीला किक मारताना म्हणाला, "मी सांगं व्हतं तुले, पहिले अर्ज दे."

पहिली प्रत पोचलीच असं धरून दुकानात येणाऱ्या पोरांनी तोवर बाकीची पत्रकं कॉलेजच्या गेटवर, बसस्टँडवर आणि सोनगीरच्या बाजारात वाटून टाकली होती.

घरी त्या संध्याकाळी मोठं भांडण झालं. भाऊने कारखाना सोडला होता, आणि मालकाने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. गाळा गेला तर चार पेट्या घरात आणून ठेवायलाही जागा नव्हती. हे सगळं माझ्या शेवटच्या परिच्छेदाने झालं होतं आणि मला ते मान्य करायचं नव्हतं. मी वाद घालत राहिले. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे खेळ. बनवणाऱ्या कंपन्या समुद्रापलीकडे. त्यांना धुळं नावाचं गाव आहे हेही माहीत नसेल.

"त्यासले काय फरक पडस, भाऊ?" मी म्हणाले. "त्या मोठ्या कंपन्या शेतस. आपन कोन?"

भाऊ पलंगाच्या कडेला बसून नखातला फेविकॉल काढत होता. "जळगावले तुनं पत्रक चोरं त्यासनी," तो शांतपणे म्हणाला, "तवय तुले कितला फरक पडना व्हता?"

जळगावला मी कॉलेजला होते. वसतिगृहाच्या पाण्यावर मी एक पत्रक लिहिलं होतं. आठवडाभराने तेच पत्रक, माझी वाक्यं, माझा स्वल्पविरामसुद्धा, एका भावी नगरसेवकाच्या फोटोखाली छापून आलं. माझं नाव गेलेलं. मी त्या माणसाच्या कार्यालयात जाऊन तासभर उभी होते. तो हसत म्हणाला होता, "ताई, तुमचंच काम पुढे नेतोय. तुम्हाला काय फरक पडतो?" मी घरी येऊन हे इतक्या वेळा सांगितलं होतं की आईने शेवटी विषय बंद करायला लावला.

भाऊने तेच वाक्य मला परत दिलं. मी उठून अंगणात गेले.

तिथे बसून मला जे सुचलं ते अजूनही मी मानते. आमच्यावर घेतलेला संशय अन्यायाचा होता. आमची गल्ली आणि आमचं आडनाव पाहून लोकांनी जुगार हा शब्द वापरला, यात मला आजही शंका नाही. पण आमच्यावर झालेला अन्याय खरा होता, म्हणून आमची चूक खोटी ठरत नव्हती. दोन्ही एकाच पेटीत होतं. मी पत्रकं वाचून वाढले, आणि पत्रकात एकच बाजू असते. त्याला जागाच तेवढी असते, पानाची एक बाजू. माणूसही तसाच होतो, हे वाईट. आणि आमच्या घरात कायदा म्हणजे बड्या लोकांचा दांडका असं कुणी कधी मानलं नाही. विहारात राज्यघटनेची प्रत मूर्तीशेजारी ठेवलेली असते. कायदा आपला आहे, तो आपल्याला फार उशिरा मिळाला आहे, असं आम्हाला शिकवलं गेलं. तो आपल्याकडेही बोट दाखवू शकतो, हे मात्र कुठल्याच पत्रकात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पेटी उघडून यादी करायला बसलो. भाऊ एकेक खेळ सुरू करायचा आणि मी पहिल्या पडद्यावरचं नाव लिहायची. निम्म्या खेळांत ते नावच पुसलेलं. ज्याने कार्ड भरलं, त्याने बनवणाऱ्यांची पाटी काढून स्वतःचं चिन्ह चिकटवलं होतं. तिसऱ्या तासाला भाऊ म्हणाला, "आठशे कोठे शेतस? एकच खेळ चार डाव भरेल शे." खरंच होतं. नाव बदलून तोच खेळ पुन्हा पुन्हा. दारावरच्या पाटीचा आकडाही खोटा होता.

मग आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. ज्यांची परवानगी मिळेल असे खेळ शोधायचे. एकट्यादुकट्याने हौसेने खेळ बनवून सगळ्यांसाठी खुले ठेवणारे लोक जगभर आहेत, हे मला माहीत नव्हतं. प्रत्येक खेळासोबत त्यांच्या अटींचा कागद असतो. मी शब्दकोश घेऊन ते कागद वाचले. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असायचं की खेळा, वाटा, पण धंद्यासाठी वापरू नका. आणि आमच्या पेटीला फट होती.

"फट काढी टाकू?" भाऊने एकदा विचारलं.

"मंग खाशी काय?"

"तेच ना."

उरलेल्यांना मी पत्रं लिहिली. ते सोपं गेलं नाही. तोवर मी लिहिलेल्या प्रत्येक कागदात मागणी होती, जाब होता, इशारा होता. इथे समोरच्याने माझं काहीच बिघडवलं नव्हतं. मी एका अनोळखी माणसाला सांगत होते की माझा भाऊ सुतार आहे, त्याने चार पेट्या बनवल्या आहेत, तुमचा खेळ त्यात ठेवू का. पहिला मसुदा आबांनी वाचला आणि म्हणाले, "हाई तर मोर्चानं निवेदन दिखास." मी फाडून पुन्हा लिहिलं.

पुष्कळांनी उत्तर दिलं नाही. दोघांनी नाही म्हटलं, एकाने जरा कडक शब्दांत. सात जणांनी हो म्हटलं. त्यांतल्या एका बाईने लिहिलं की माझं नाव पडद्यावर राहू द्या आणि पेटीचा फोटो पाठवा, माझा खेळ खऱ्या पेटीत मी कधी पाहिलेला नाही. भाऊने तो फोटो काढायला पेटी पुसली, मग स्वतःचा शर्ट बदलला, मग म्हणाला मी फोटोत नको.

सात पत्रं छापून मी फायलीसाठी नेली, तेव्हा महिना संपायला तीन दिवस होते. महिना संपायच्या आत आणखी एक काम राहिलं होतं. आबांनी ते यादी करतानाच सांगितलं होतं. "आते तुले दुसरं पत्रक काढनं पडी." चुकीचं पत्रक निघालं तर दुरुस्तीचं पत्रक त्याच जागी आणि तेवढ्याच प्रती वाटायच्या, असं गिरणीच्या दिवसांत ते करत. एकदा त्यांनी एका मुकादमावर चुकीचा आरोप छापला होता आणि मग त्याच गेटवर उभं राहून माफीचं पत्रक वाटलं होतं. भाऊ वैतागला. बाईंना माहीत आहे, आपण सुधारलं आहे, मग साऱ्या गावाला कशाला सांगायचं. मलाही तेच वाटत होतं. पण पूर्णपणे कायदेशीर हे शब्द मी हजार लोकांच्या हातात दिले होते.

कॉलेजच्या गेटवर एका पोराने कागद घेतला, वाचला आणि मित्राला म्हणाला, "अरे, ताईंनी स्वतःविरुद्धच मोर्चा काढलाय." दुसरा म्हणाला, "ताई, आता खरं किती खेळ आहेत ते तरी नक्की ना?" मी म्हणाले, "सात." ते हसले. पहिल्या पत्रकाच्या वेळी कुणी हसलं नव्हतं, पण त्या बाई सोडल्या तर कुणी शेवटपर्यंत वाचलंही नव्हतं.

तपासणीला परवाना शाखेच्या त्या बाई आणि एक फौजदार आले. अर्जात एक रकाना होता: मशीनच्या उत्पादकाचे नाव व क्रमांक. भाऊने तो कोरा सोडला होता. कंपनीच्या मशीनला कागद असतात, घरी बनवलेल्या पेटीला काय असणार?

"बनवली कुणी?" बाईंनी विचारलं.

"मी."

"मग उत्पादक तुम्ही. तुमचं नाव लिहा. क्रमांक द्या आणि पेटीवर टाका. उद्या कुणाला शॉक बसला तर आम्ही कुणाला शोधायचं?"

भाऊने तापलेल्या खिळ्याने प्रत्येक पेटीच्या पाठीवर क्रमांक डागले. मग अर्थिंगची तार दाखवली, प्लग काढून, उघडून. वायरमनचा दाखला दिला. नाव लिहिताना त्याने पेन दोनदा झटकला. पेन चांगला चालत होता.

फौजदार पेट्यांभोवती फिरत होते. "कौशल्य म्हणता," ते मला म्हणाले, "ते मला कसं कळणार?"

"खेळून बघा, साहेब."

त्यांनी टोपी काढून बाईंच्या हातात दिली. पहिला डाव काही क्षणांत संपला. "मेलो," ते म्हणाले. दुसरा जरा लांबला. तिसऱ्याला त्यांनी पोट पेटीच्या कडेला टेकवलं आणि खांदे पुढे घेतले. चौथ्या डावात बाई म्हणाल्या, "साहेब, आणखी एक जागा बघायचीय."

"एक मिनिट थांबा हो. आता जमतंय."

"तेच अहवालात लिहा," बाई म्हणाल्या.

परवाना आला तो वर्षभरासाठी, अटींसह. शाळेच्या वेळेत गणवेशातल्या मुलांना प्रवेश नाही. बक्षीस नाही. सात खेळांच्या यादीबाहेरचा एकही खेळ नाही, वाढवायचा तर परवानगीचं पत्र जोडून आधी कळवायचं. भाऊने तो काचेत बसवून भिंतीला लावला.

शटर उघडलं त्या दिवशी जुने खेळणारे आले. मारामारीचा तो खेळ कुठेय, विचारू लागले. नाही म्हटल्यावर निम्मे गेले. राहिले त्यांनी नवे खेळ नाखुशीने सुरू केले. गर्दी अजूनही पूर्वीएवढी नाही. भाऊ सकाळी गाळ्यात कपाटाची कामं घेतो आणि दुपारनंतर पेट्या चालवतो. मी जिंकलो असं तो कधी म्हणाला नाही. पण हवालदार रस्त्याने गेला तर तो आता मान वर करून बघतो.

गेल्या महिन्यात दोंडाईच्याचा एक हॉटेलवाला आला. त्याला हॉटेलच्या पुढच्या खोलीत दोन पेट्या हव्या होत्या, आठशे खेळांच्या. ते कार्ड तो स्वतःच घेऊन आला होता, पिशवीत. काम मोठं होतं. मी आत बसून परवाना शाखेतल्या बाईंना नव्या खेळाबद्दल पत्र लिहीत होते आणि ठरवून गप्प राहिले.

भाऊने कार्ड हातात घेऊन बघितलं आणि परत पिशवीत ठेवलं. "खोकं मी बनाडी देस, नाना," तो म्हणाला. "मना क्रमांक राही त्यावर. हाई कार्ड मी लावाव नही."

"अरे, दोन तारा तर जोडायच्या. मी जोडून घेईन."

"तुमी जोडा. पन मंग माले मना क्रमांक काढी घेना पडी, आनि क्रमांक नसेल खोकं मी देवाव नही." मग त्याने भिंतीवरची सात नावांची यादी दाखवली. "यासले पत्र लिखा. बहीन लिखी दी तुमले. ते देतस."

हॉटेलवाल्याने यादी वाचली, यात ओळखीचा एकही खेळ नाही म्हणाला, आणि विचार करून सांगतो म्हणत गाडीकडे गेला.

"येई का तो?" मी विचारलं.

"येवाव नही," भाऊ म्हणाला आणि अर्धवट राहिलेल्या कपाटाच्या दाराला रंधा मारू लागला.